तोंडाला सतत वास येतो? डेंटिस्टकडे गेल्यावर नक्की काय काय तपासतात

दाढ दुखते म्हणून येतात, क्लिनिंग करायचंय म्हणून येतात, सगळं काम होतं, बिल देतात, आणि मग दारातून मागे वळून हळूच विचारतात, डॉक्टर, तोंडाला वास येतो त्याला काही औषध आहे का. हे जवळजवळ ठरलेलं आहे. तोपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असतो, मग घाईघाईत एखादा माउथवॉश लिहून दिला जातो आणि खरी तपासणी राहूनच जाते. म्हणून पहिलं सांगणं हे की अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा, वासासाठी दाखवायचंय. लाजायचं काही कारण नाही, आम्ही दिवसभर लोकांच्या तोंडातच बघत असतो.

आता मुद्द्याचं. वास हा स्वतः आजार नाही, लक्षण आहे, आणि आमची सगळी तपासणी एकाच गोष्टीसाठी चालते की हा वास येतो कुठून. जिभेवरून, हिरड्यांतून, नाकातून, घशातून, की थेट फुफ्फुसातल्या श्वासातून. जागा कळली की उपाय बऱ्याचदा सोपा असतो, जागा न शोधता केलेले उपाय मात्र वर्षानुवर्षं चालतात.

कुणाकडे जायचं

सुरुवात जवळच्या साध्या बीडीएस डेंटिस्टकडे करा, लगेच मोठ्या सेंटरला पळायची गरज नाही. हिरड्यांचं प्रकरण जास्त निघालं तर ते स्वतःच एमडीएस पेरिओडॉन्टिस्टकडे पाठवतात. खर्चाची अडचण असेल तर डेंटल कॉलेजचा पर्याय खरंच चांगला आहे, मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी कॉलेजं, गोव्यात बांबोळीचं. तिथे आधी केसपेपर काढायचा, मग ओरल मेडिसिनच्या, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या ओपीडीत बघतात आणि तिथून पुढे पाठवतात. वेळ जातो, सकाळी लवकर जा, पण शिकणारी मुलं एकेक दात बघून लिहितात, जे गजबजलेल्या प्रायव्हेट क्लिनिकमध्ये होईलच असं नाही.

जायच्या आधी काय करायचं, आणि मुख्य म्हणजे काय नाही करायचं

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. डॉक्टरांकडे जायचंय म्हणून लोक दोनदा ब्रश करून, जीभ घासघासून, माउथवॉशच्या गुळण्या करून, वरून बडीशेप चघळत येतात. मग आम्ही काय तपासणार? वास तपासायचा तर वास घेऊन या ना. तर नियम असे, आणि हे माझ्या मनाचे नाहीत, वासाच्या तपासणीची ही रुळलेली पद्धत आहे.

कांदा, लसूण आणि मसालेदार जेवण ४८ तास बंद. लसणाचं एक वेगळंच आहे, त्यातला एक गंधकयुक्त पदार्थ रक्तात जातो आणि फुफ्फुसातून श्वासावाटे बाहेर पडत राहतो, त्यामुळे कितीही दात घासले तरी तो वास काही तास जात नाही आणि तपासणीत घोटाळा करतो. (चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांनी तेव्हाच अपॉइंटमेंट घ्यावी, अर्धं काम आपोआप झालेलं असतं.) सेंट, अत्तर, सुगंधी क्रीम आदल्या दिवसापासून नको. तपासणीच्या आधीचे १२ तास खाणं नको, ब्रश नको, माउथवॉश नको, च्युइंगम नको, सिगरेट-बिडी-तंबाखू-मिश्री काही नको. म्हणून सकाळची पहिली वेळ घ्या, रात्री जेवून झोपायचं आणि उठून तसंच यायचं. सकाळचा चहासुद्धा नंतर. पाण्याचं काय करायचं ते क्लिनिकला विचारून घ्या, प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी असते.

अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच झाला असेल तर संपल्यावर तीन आठवडे थांबून या, कारण त्याने जंतू तात्पुरते कमी होतात आणि सगळं छान आहे असं खोटंच चित्र दिसतं. पण चालू कोर्स तपासणीसाठी मध्येच तोडायचा नाही. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी उपाशीपोटी येऊच नका, आधी फोन करून सांगा, आम्ही वेळ आणि नियम बदलून देतो.

आणखी एक, जमलं तर घरातलं कुणीतरी सोबत आणा. बायको, नवरा, बहीण, जो स्पष्ट बोलेल असा. स्वतःचा वास स्वतःला कळत नाही, नाकाला सवय झालेली असते, तोंडापुढे हात धरून हाः करून बघण्यात काही अर्थ नाही. आणि उलटही होतं, वास नसताना एखाद्याला ठाम वाटत असतं की येतोय. त्यामुळे रोज शेजारी बसणाऱ्या माणसाचं म्हणणं आमच्यासाठी फार मोलाचं असतं.

खुर्चीत बसल्यावर आधी प्रश्न

कधीपासून, दिवसभर की फक्त सकाळी, दुसऱ्या कुणी सांगितलं की तुम्हालाच वाटतं, हे तीन प्रश्न पहिले. झोपेत लाळ जवळजवळ थांबते त्यामुळे सकाळी उठल्यावरचा वास सगळ्यांनाच येतो, चूळ भरून काही खाल्लं की जातो, तो आजार धरत नाहीत. एकादशीला किंवा कडक उपवासाला येणारा वासही तसाच, तोंड कोरडं आणि पोटात काही नाही, दुसऱ्या दिवशी जेवलात की संपला.

मग औषधांची यादी. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, डिप्रेशनची औषधं, लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, यातली बरीच तोंड कोरडी करतात. नाव आठवत नसेल तर पाकिटांचे मोबाईलवर फोटो काढून आणा. तोंड उघडं ठेवून झोपता का, घोरता का, सायनसचा त्रास, नाकातून घशात कफ उतरतो का, शुगर आहे का, तंबाखू-गुटखा-सुपारी-मिश्री. इथे खरं सांगा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणून कुणी केसपेपरवर गुटखा सांगत नाही, पण तोंड उघडलं की दिसतंच आम्हाला, आणि सुपारीने तोंड उघडणं कमी झालेलं असेल, तीन बोटं उभी आत जात नसतील तर मग वासाच्या आधी त्याची काळजी करावी लागते.

आणि पोटाचा विषय. दहातल्या बहुतेकांचं ठाम मत असतं की पोट साफ होत नाही म्हणून वास येतो, कित्येकांनी त्यासाठी महिनोन्‌महिने त्रिफळा नाहीतर एरंडेल घेतलेलं असतं. पण अन्ननलिका एरवी मिटलेली असते, ढेकर आली किंवा आंबट पाणी वर आलं तरच पोटातला वास तोंडापर्यंत येतो, सतत नाही. दीर्घकाळच्या वासाची साधारण ८० ते ९० टक्के कारणं तोंडातच सापडतात. म्हणून सुरुवात तोंडापासून करायची, पोटापासून नाही.

मग नाकाने वास घेणं

हो, खरंच. इतकी यंत्रं आली तरी या तपासणीचा पाया अजून माणसाचं नाकच आहे. पद्धत अशी की तुम्ही एक-दोन मिनिटं तोंड बंद ठेवून नाकाने श्वास घ्यायचा, मग तोंडाने हळूहळू सोडायचा, आणि डॉक्टर साधारण १० सेंटीमीटरवरून वास घेतात. काही ठिकाणी मध्ये पडदा असतो आणि त्यातून आलेली एक छोटी नळी तोंडात धरायला देतात, तुम्ही या बाजूने श्वास सोडायचा, डॉक्टर त्या बाजूला, म्हणजे समोरासमोर अवघडायला होत नाही. डॉक्टरांनीही त्या दिवशी आधी चहा-कॉफी आणि सेंट टाळायचं असतं, त्यांनी ते पाळलंय का हे मात्र तुम्ही विचारू नका, उगाच वातावरण बिघडेल.

मार्क ० ते ५ देतात. ० म्हणजे वासच नाही, १ म्हणजे आहे की नाही असा, २ म्हणजे हलका पण नक्की आहे, ३ मध्यम, ४ जोरदार आणि ५ म्हणजे नाक मागे घ्यावं लागेल असा. एकाच दिवसाच्या मार्कावर विसंबत नाहीत, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी परत बोलवतात, कारण वास दिवसागणिक कमीजास्त होतो.

याच्याच जोडीला एक साधी पण माझ्या मते सगळ्यात कामाची तपासणी आहे, ती म्हणजे तोंड आणि नाक वेगवेगळं करून बघणं. आधी नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास सोडायचा, मग ओठ मिटून नाकाने सोडायचा. तोंडातून वास आहे आणि नाकातून नाही, तर उगम तोंडात नाहीतर घशात. नाकातून आहे आणि तोंडातून नाही, तर नाक किंवा सायनस, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं काम. दोन्हीकडून सारखाच वास आहे तर तो श्वासाबरोबर फुफ्फुसातून म्हणजे रक्तातून येत असण्याची शक्यता, मग शुगर, किडनी, लिव्हर या दिशेने बघावं लागतं. काही पैसे न लागता दोन मिनिटांत रस्ता ठरतो आणि तरी बऱ्याच ठिकाणी हे करतच नाहीत. तुमच्याकडे केलं नाही तर सरळ म्हणा, डॉक्टर, नाकाचं वेगळं बघता का.

जीभ

सगळ्यात मोठा गुन्हेगार बऱ्याचदा हाच, आणि तोही जिभेचा मागचा भाग जिथे ब्रश पोचत नाही. तिथे मेलेल्या पेशी, अन्नाचे कण, नाकातून उतरलेला कफ हे सगळं साचतं, त्या थरात हवा जात नाही, आणि हवेशिवाय जगणारे जंतू त्यातली प्रथिनं फोडून गंधकाचे वायू सोडतात. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास, तो यातलाच.

डॉक्टर गॉजने जीभ पुढे ओढून धरतात आणि बघतात थर कुठवर आहे, पातळ की जाड. नीट नोंद ठेवणारे जिभेचे सहा भाग पाडतात, मागचे तीन पुढचे तीन, प्रत्येकाला ० ते २ मार्क, एकूण १२ पैकी किती ते लिहून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी तुलना होते. मग प्लॅस्टिकच्या चमच्याने मागून हलकं खरवडून काही सेकंदांनी चमच्याचा वास घेतात. उमासा येतो, जीभ बाहेर काढून नाकाने श्वास घेत राहा, कमी होतो.

चमच्याची ही तपासणी घरीही करता येते आणि मनगट चाटून, दहाएक सेकंद सुकू देऊन वास घेण्यापेक्षा बरी आहे. मनगटावर जिभेचा पुढचा भाग लागतो, जो मुळात स्वच्छच असतो, त्यामुळे माणूस खूश होऊन जातो.

हिरड्या

दुसरा मोठा उगम. दात आणि हिरडीच्या मध्ये एक बारीक फट असते, निरोगी हिरडीत १ ते ३ मिलीमीटर खोल. कीटण साचून हिरडी सुजली आणि आतलं हाड झिजायला लागलं की ही फट खोल होते, तिला आम्ही पॉकेट म्हणतो, आणि त्यात ब्रश जात नाही, चूळ भरलेलं पाणी जात नाही, माउथवॉशही पोचत नाही. मापायला खुणा असलेली एक बारीक सळई असते, प्रोब. टोकाला अर्ध्या मिलीमीटरचा गोळा आणि ३.५ ते ५.५ मिलीमीटरच्या मध्ये काळा पट्टा, असा प्रोब बऱ्याच ठिकाणी दिसेल. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी टेकवून आकडे बोलतात, शेजारी असिस्टंट लिहीत असते, तीन, दोन, तीन, पाच, सहा... तुम्हीही कान देऊन ऐका. ४ आणि त्याच्या पुढचे आकडे वारंवार आले, किंवा प्रोब लागताच रक्त आलं, तर वासाचा एक पत्ता सापडला समजा. थोडं टोचतं पण इंजेक्शन लागण्याइतकं नाही.

इथे मुद्दाम थांबतो कारण लोक म्हणतात माझे दात तर पांढरेशुभ्र आहेत. असतील. हिरड्यांच्या आजाराला दाताच्या रंगाशी काही घेणं नाही आणि तो बऱ्याचदा दुखतही नाही, म्हणूनच तर वर्षं निघून जातात. तंबाखू खाणाऱ्यांच्या आणि बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत आणखी वाईट, धूम्रपानाने हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे वरवर सगळं ठीक वाटतं आणि प्रोब आत सहा-सात मिलीमीटर जातो.

पॉकेट खूप आणि शुगर कधीच तपासलेली नाही असं असेल तर आम्ही एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी लिहून देतो. चकित होऊ नका. शुगर जास्त असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात राहत नाही. रिपोर्ट ६.५ टक्के किंवा वर आला तर फिजिशियनकडे जावंच लागतं.

बाकीचं तोंड

मोठी कीड, अर्धवट बाहेर आलेली अक्कलदाढ जिच्यावर हिरडीचा पदर असतो, कडेने सुटलेली जुनी कॅप, ब्रिजखाली अडकलेलं अन्न. शेवटच्या दोन दाढांमधून धागा म्हणजे फ्लॉस फिरवून त्याचा वास घेतात, एकाच जागेचा धागा घाण वास मारत असेल तर तिथेच काहीतरी आहे. गरज वाटली तर त्या दाढेचा छोटा एक्स-रे किंवा पूर्ण जबड्याचा ओपीजी. आजी-आजोबांची कवळी काढून बघतात, ती रात्री तोंडातच ठेवून झोपत असतील तर आधी तेच बंद करायला सांगतो.

लाळ कमी वाटली तर कपमध्ये पाच मिनिटं लाळ थुंकायला लावतात, काही न चघळता. पाच मिनिटांत अर्धा मिलीलीटरसुद्धा जमली नाही तर तोंड खरोखर कोरडं पडतंय, मग औषधं बदलता येतील का हे तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारावं लागतं. स्वतःहून गोळी बंद करू नका.

मशीनचं काय

हॅलिमीटर नावाचं यंत्र आहे, तोंड तीन मिनिटं मिटून ठेवायचं, मग एक स्ट्रॉ तोंडात ठेवतात आणि ते गंधकाचे वायू एकत्र मोजून एक आकडा देतं. ते वायू वेगळे करून दाखवत नाही आणि अल्कोहोलवाला माउथवॉश वापरून आलात तर भलताच आकडा देतं. दुसरं जपानी ओरलक्रोमा, त्यात सिरिंजने तोंडातली हवा काढून यंत्रात सोडतात आणि काही मिनिटांत तीन वायूंचे वेगवेगळे आकडे मिळतात. हायड्रोजन सल्फाइड ११२, मिथाइल मरकॅप्टन २६ आणि डायमिथाइल सल्फाइड ८ पीपीबी (म्हणजे हवेच्या शंभर कोटी भागांत इतके भाग) या त्या यंत्राच्या मर्यादा, त्याच्या वर म्हणजे वास जाणवण्याइतका. पहिला वायू जास्त असेल तर संशय जिभेवर, दुसरा त्या मानाने चढा असेल तर हिरड्यांवर, आणि एकटा तिसराच जास्त असेल तर उगम तोंडाबाहेर असू शकतो.

आपल्याकडच्या बहुतेक क्लिनिकमध्ये यातलं काही नसतं आणि खरं सांगायचं तर नसलं तरी अडत नाही. नाक, चमचा, प्रोब आणि पाऊण तास वेळ एवढ्यात बहुतेकांचं निदान होतं. फक्त मशीन आहे म्हणून भरमसाट पैसे सांगणाऱ्याकडे जाण्याआधी विचारा की हिरड्यांचं चार्टिंग, म्हणजे प्रोबने प्रत्येक दाताची मापं लिहिणं, करणार का, उत्तर नाही आलं तर उठा.

तोंडात काहीच सापडलं नाही तर

वास आहे, पण जीभ-हिरड्या-दात स्वच्छ. मग टॉर्च घशाकडे. टॉन्सिलच्या खाचांमध्ये पांढरे-पिवळे छोटे खडे अडकतात, दाबलं की बाहेर येतात आणि त्यांचा वास भयंकर असतो, कधीकधी लोकांच्या खोकल्यातून पडतात आणि ते घाबरतात. जुना सायनस, घशात उतरणारा कफ, यासाठी ईएनटीची चिठ्ठी. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास आणि पाणी येत असेल तर आमच्याकडे येऊच नका, सरळ ईएनटी, नाकात मणी, खोडरबराचा तुकडा, शेंगदाणा असं काहीतरी घातलेलं असू शकतं.

श्वासालाच गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आणि त्यात डायबेटिस, उलट्या, धाप, असं असेल तर डेंटिस्ट-बिंटिस्ट काही नाही, ताबडतोब हॉस्पिटल. अमोनियाचा वास किडनीच्या जुन्या आजारात येतो. ही मंडळी बहुतेक वेळा आधीच त्या डॉक्टरांकडे असतात, फक्त वासावरून असे आजार पहिल्यांदा सापडणं क्वचित.

आणि वासच नसेल तर

हेही होतं आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. तपासणीत ० किंवा १, घरचेही म्हणतात काही येत नाही, पण माणूस ऑफिसात तोंडावर हात ठेवून बोलतो, लिफ्टमध्ये श्वास रोखतो, समोरच्याने नाक खाजवलं तरी त्याला वाटतं माझ्यामुळेच. याची दोन टोकं आहेत. काही जणांना आकडे दाखवले, सोबत आणलेल्या माणसानेही सांगितलं, की पटतं आणि प्रश्न मिटतो. काहींना कितीही दाखवा पटत नाही, ते एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात, चांगले दात काढून टाका म्हणतात. त्यांना आम्ही सायकियाट्रिस्ट किंवा सायकॉलॉजिस्टकडे जायला सुचवतो. याचा अर्थ तुम्ही नाटक करताय असा नाही, त्रास खराच आहे, फक्त त्याचा उगम तोंडात नाही आणि म्हणून स्केलिंगने, म्हणजे दातांच्या क्लिनिंगने तो जाणार नाही. बरोबर आलेल्या नातेवाईकांनी मात्र तिथे हसू नये, प्लीज.

निघताना काय घेऊन निघायचं

फक्त माउथवॉशची चिठ्ठी नको. वासाचा मार्क किती, जिभेचा किती, पॉकेटचे आकडे काय, आणि डॉक्टरांच्या मते उगम कुठे, हे केसपेपरवर लिहून घ्या किंवा मोबाईलवर फोटो काढा, देत नाहीत असं सहसा होत नाही. हिरड्यांची ट्रीटमेंट झाली तर साधारण महिना-दीड महिन्याने परत मापं घेतात. त्या वेळी पुन्हा तेच सगळं पाळून या, सकाळची तीच वेळ, तसंच उपाशी, तसंच ब्रश न करता, शुगरवाल्यांनी ठरवून दिलेल्या त्यांच्या नियमाने. पहिल्यांदा तसेच आलात आणि दुसऱ्यांदा कोलगेट करून आलात तर ४ चा १ झालेला दिसेल, पण तो ट्रीटमेंटने झाला की टूथपेस्टने हे तुम्हालाही कळणार नाही आणि आम्हालाही.